आपलं माणूस समोर आलं की

क्रेनवाल्याला कामावर सगळे 'वरचा' म्हणायचे. सकाळी शिडी चढून तो क्रेनवरच्या काचेच्या खोपटात शिरला की जेवणाच्या सुट्टीपर्यंत उतरायची सोय नव्हती. खोपटही असं, की उभं राहिलं तर डोकं छताला लागायचं आणि पाय पसरले तर समोरच्या काचेला. खुर्चीच्या दोन्ही हातांवर एकेक दांडा. उजव्या दांड्याच्या पोटाशी एक खटका होता. तो बोटाने आवळून धरला तरच क्रेन हलायची, सोडला की जागच्या जागी थांबायची. वर माणूस चक्कर येऊन पडला तर ओझं भलतीकडे जाऊ नये म्हणून केलेली ही सोय. पण ज्याला रोज तिथे बसायचंय त्याच्या दृष्टीने तिचा अर्थ एवढाच, की दिवसभर बोट आवळलेलं. शिवाय ओझं फिरत असताना खटका एकदम सोडायचा नाही. क्रेन थांबते, दोरावर टांगलेलं ओझं थांबत नाही, ते तसंच पुढे झोकांडतं. आधी वेग हळूहळू उतरवायचा, मगच बोट सैल करायचं. इतकी वर्षं हे करून त्याचं बोट सरळ राहायचं विसरलं होतं. हा चहाचा कपसुद्धा कुणी हिसकावून नेईल असा धरतो, असं बायको म्हणायची.

एकुलती एक मुलगी नोकरीसाठी लांबच्या शहरात गेली होती. बापलेकीचं फोनवरचं बोलणं म्हणजे "जेवलीस का?", "हो, तुम्ही?", "हो. थांब, आईला देतो." एवढंच. प्रेम नव्हतं असं नाही, पण बोलायचं म्हटलं की दोघांच्याही तोंडाला कुलूप. मग एकदा सुट्टीवर आली असताना तिने आपल्या खोलीतल्या जुन्या कॉम्प्युटरला गेमचा कंट्रोलर जोडला आणि त्याच्या हातात दिला.

"कीबोर्ड-माउस तुमच्या बोटांना झेपायचा नाही बाबा. हा घ्या, यालाही तुमच्या क्रेनसारखे दांडेच आहेत."

तेव्हापासून दर सुट्टीच्या दिवशी दुपारी तो तिच्या खोलीत, ती तिच्या शहरात, आणि तिच्या ऑफिसमधले दोन मित्र आणखी कुठेतरी, असे चौघे मिळून बंदुकांचा खेळ खेळू लागले. मित्र माउसवाले. ते झटक्यात मागे वळायचे. हा मात्र क्रेनच्या चालीने फिरायचा. "काका वळेपर्यंत शत्रू जेवून, हात धुऊन येतो," असं ते म्हणायचे आणि हा कानावरच्या हेडफोनमध्ये मनमुराद हसायचा.

पण खरी गंमत वेगळीच होती. खेळात एखाद्या भिंतीआड दबा धरून बसलं की मुलगी बोलायला लागायची. नजर दोघांचीही पडद्यावर, एकमेकांचं तोंड दिसत नाही, त्यामुळे असेल. साहेबाने सगळ्यांसमोर कसं झापलं ते तिने सांगितलं. एकदा मित्र यायच्या आधी म्हणाली, "बाबा, मी लग्नाला नाही म्हणून सांगितलं त्याला. आईला अजून बोलले नाहीये. डावीकडे बघा, डावीकडे!" त्याने डावीकडे बघितलं आणि म्हणाला, "बरं केलंस." समोरासमोर बसून हे बोलणं या जन्मात झालं नसतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आठवडाभर तो त्या काचेच्या डब्यात बसायचा तो या दुपारच्या आशेवर.

अडचण एकच होती. कंट्रोलरवर गोळी सुटायचं बटण नेमकं त्याच बोटाखाली, आणि ते बोट सदा आवळलेलं. हा सुरुवातीपासून शेवटपर्यंत गोळ्यांचा पाऊस पाडायचा. त्यात आपल्यातल्या कुणालाही गोळी लागू शकते असाच तो खेळ होता. त्यामुळे शत्रूपेक्षा जास्त वेळा त्याने स्वतःच्या मुलीलाच लोळवलं. तिने बटण दुसरीकडे नेऊन पाहिलं, तर बोट इमानदारीने तिथेही जाऊन बसलं. मित्र कुरकुरू लागले. काकांच्या जागी दुसरा गडी घ्यावा असं त्यांच्यात चाललंय, हे तिने चाचरतच सांगितलं.

"एवढंच करा बाबा. आपलं माणूस समोर आलं की बोट उचलायचं. बस."

ही दुपार गेली तर उरणार काय? मग तो हात धुऊन सरावाच्या मागे लागला. रोज संध्याकाळी कंट्रोलर धरून पलंगावर बसायचा आणि बायको धुतलेल्या कपड्यांची बादली घेऊन पुढून गेली की बोट वर.

"अहो, मला बघून काय दचकताय? इतकी वर्षं झाली आता!"

"दचकत नाहीये. तू आपलं माणूस आहेस."

"उशिरा का होईना कळलं," ती म्हणाली आणि मुद्दाम आणखी दोन फेऱ्या मारून गेली.

बोट शिकलं. मित्रांची कुरकुर थांबली. मुलगी तर म्हणाली, "बाबा, आता तुमच्या पुढे चालायला भीती वाटत नाही." त्या वाक्यावर त्याने अख्खा आठवडा काढला.

पुढच्या आठवड्यात क्रेनवर सळ्यांचा जुडगा होता. तो फिरवून इमारतीच्या पलीकडे न्यायचा होता. खाली मामा होता. मामा म्हणजे खालून वॉकीटॉकीवर सांगणारा माणूस, साऱ्या कामगारांचा मामा आणि याचा इतक्या वर्षांचा जोडीदार. जुडगा फिरत असताना मामा कुणाला तरी हटकायला दोन पावलं आत, जुडग्याच्या वाटेत आला. एरवी याने शांतपणे वेग उतरवला असता. पण काचेतून मामाची पिवळी टोपी दिसली आणि बोट उचललं गेलं.

क्रेन जागच्या जागी थांबली. जुडगा थांबला नाही. तो झोकांडत मामावर गेला. मामाने स्वतःला जमिनीवर झोकून दिलं म्हणून वाचला. पिवळी टोपी गडगडत लांब गेली. वरच्याने खाली धावावं म्हटलं तर ओझं अधांतरी, आणि ते उतरवायचं तर त्याच बोटाने.

वाऱ्याने झालं असेल, असं म्हणून मुकादम मोकळा झाला. मामाला ते पटलं नाही. जेवणाच्या सुट्टीत सोललेलं कोपर फुंकत तो शेजारी बसला.

"वारा कुठे होता रे? काय झालं होतं तुला?"

याने सगळं सांगितलं. मामाने शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे मी तुझं आपलं माणूस, म्हणून मला मारत होतास?"

मामाच पुढे म्हणाला, "मी कुणाला बोलणार नाही. पण मला दोन नातवंडं आहेत बाबा. काय ते एक ठरव."

ठरवणं इतकं सोपं असतं तर काय. दोन्ही जमेल, जरा लक्ष ठेवलं की झालं, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. सुट्टीच्या दुपारी पुन्हा कंट्रोलर घेऊन बसला. ऐन गोळीबारात मुलगी अचानक कोपऱ्यावरून समोर आली. त्याला कळायच्या आत बोट आपोआप उचललं गेलं.

"वा काका!" मित्र ओरडले.

"बघितलंत? माझे बाबा आहेत ते!" मुलगी म्हणाली.

त्याच्या डोळ्यांपुढे पिवळी टोपी गडगडत गेली. हिला खरं सांगावं तर आयुष्यभर स्वतःलाच दोष देत बसेल, आणि न सांगावं तर सोडायचं कशाच्या नावाखाली? डाव संपेपर्यंत तो खेळत राहिला.

"डोळे दुखतात गं हल्ली," तो शेवटी म्हणाला. "तुम्ही दुसरा गडी घ्या."

मग ती म्हणाली, "बरं बाबा. डोळ्यांना जपा. मी फोन करीन ना."

तिने केलाही. पुढच्या सुट्टीच्या दुपारी, नेमक्या त्याच वेळी.

"जेवलात?"

"हो. तू?"

"हो."

तिला काहीतरी सांगायचं होतं, तिच्या श्वासावरून त्याला कळत होतं. त्यालाही विचारायचं होतं. फोन कानाला लावून तो तिच्या खोलीत, बंद कॉम्प्युटरसमोर उभा राहिला. शब्द काही केल्या सापडेना.

"थांब," तो म्हणाला, "आईला देतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी सळ्यांचा पहिला जुडगा उचलला. तो फिरत असताना, खेळ सुटल्याचं कळलेला मामा मुद्दामच दोन पावलं आत आला आणि तिथेच उभा राहिला. याने वेग हळूहळू उतरवला. जुडगा अलगद थांबला.

"बोट आलं जागेवर?" मामाने वॉकीटॉकीवर विचारलं.

"आलं," वरचा म्हणाला, आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत खटका आवळून बसला.