माणसं मोजणारे सिद्रामअण्णा

हिप्परवाडीच्या फाट्यावर लिंबाच्या झाडाखाली पत्र्याचे एक शिलाईचे दुकान आहे. सिद्रामप्पा हंजगे, म्हणजे पंचक्रोशीचे सिद्रामअण्णा, यांची माझी पहिली भेट तिथेच झाली. मी तेव्हा आठवीत होते आणि मंद्रूपच्या शाळेला बसने जायची. एके सकाळी चढताना गाडीच्या दारातल्या खिळ्याला स्कर्ट अडकला आणि टर्रकन फाटला. मी रडतच खाली उतरले. अण्णांनी एकही प्रश्न विचारला नाही. कुणाची तरी शिवायला आलेली साडी माझ्या हातात दिली, म्हणाले, "अव्वा, ही गुंडाळ, आणि परकर हिकडं दे." अव्वा म्हणजे आई. घरात कन्नड बोलणारे अण्णा गावातल्या सगळ्या मुलींना असेच हाक मारतात. मशीन सुरू झाले तेवढ्यात कंडक्टरने घंटी दिली. अण्णा मान वर न करता ओरडले, "थांबा की वो, पोरीचं दोन टाकं राहिल्यात!" आणि गाडी खरोखर थांबली.

आज अण्णा पंचाहत्तर वर्षांचे झाले आहेत. गौरवग्रंथासाठी लिहायला सांगितले तेव्हा हेच मनात आले, की ज्यांच्या शब्दावर गाडी थांबते अशी माणसे थोडी असतात, आणि तो शब्द त्यांनी कशाने कमावला हे सर्वांना कळले पाहिजे.

अण्णांच्या दुकानाला टेकून एक काळा फळा उभा असतो. कधी काळी शाळेने टाकून दिलेला हा फळा अण्णांनी रंगवून घेतला. रोज सकाळी दुकान उघडले की आधी फळा पुसायचा आणि वर गाड्यांच्या वेळा लिहायच्या. त्याखाली गावाच्या बातम्या. रेशन आले का, लाईट कधी जाणार, कुणाची शेळी चुकली, कुणाच्या घरी मुलगी झाली. बातमी लिहिण्याचा त्यांचा नियम एकच, ज्याची बातमी त्याच्या दारात जाऊन विचारल्याशिवाय खडू उचलायचा नाही.

हा नियम किती मोलाचा, हे दोनतीन वर्षांपूर्वी कळले. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका वयस्कर गृहस्थांना श्रद्धांजली वाहायला सुरुवात झाली. हात जोडलेल्या चित्रांचा नुसता पाऊस पडला. लोक अण्णांना म्हणू लागले, "फळ्यावर न्हाई अजून?" अण्णा सायकल काढून त्यांच्या घरी गेले. ते गृहस्थ ओसरीवर बसून भाकरी खात होते, सोलापूरच्या दवाखान्यातून नुकतेच परतलेले. अण्णांना पाहून म्हणाले, "या. तुमीच पयले आलात इचारायला. बाकी समदे रडून मोकळे झाले." दुसऱ्या दिवशी फळ्यावर ओळ होती: "अमुक यांची प्रकृती उत्तम. काल दोन भाकरी खाल्ल्या."

पण अण्णांचे खरे मोठेपण मला दिसले ते साडेपाचच्या गाडीच्या वेळी.

मी अकरावीला सोलापूरला जाऊ लागले होते. माझ्यासारख्या गावातल्या अकरा मुली. सकाळच्या गाडीने जायचे आणि सायंकाळी साडेपाचला सोलापुरातून सुटणाऱ्या गाडीने परत यायचे. एक दिवस ती फेरी बंद झाली. कारण सांगितले, प्रवासी कमी. त्यानंतरची गाडी रात्रीची. माझ्या वडिलांनी दोन दिवस वाट पाहिली, तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, "आता बास झालं शिक्षान." अकरापैकी चार घरांत तोच निर्णय झाला होता.

अण्णांना हे कळले तेव्हा ते आमच्या घरी आले. वडिलांशी त्यांनी वाद घातला नाही. पाणी प्यायले, ऊसपाण्याची चौकशी केली आणि उठता उठता म्हणाले, "पाव्हणं, पंधरा दिवस द्या मला. तंवर पोरीचं नाव काडू नका. आनि तिला दुकानात पाठवा, लिवायला माणूस पायजे."

पंधरा दिवस मी दुकानात बसले. अण्णांनी मला एक वही दिली. सोलापूरला जायचे असूनही परतीची गाडी नाही म्हणून जो गेला नाही, त्याचे नाव, काम आणि वय लिहायचे. अण्णा कापड कापता कापता येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत आणि मी लिहीत जाई. चिंचोळी एमआयडीसीत कामाला लागलेला पण पाळी सुटल्यावर परतायचे कसे म्हणून नोकरी सोडलेला तरुण. डोळ्यांचे ऑपरेशन पुढे ढकललेल्या आजी. आणि आम्ही अकराजणी. वही भरत गेली तसे मला पहिल्यांदा कळले, की माझ्या घरात जे घडले ते माझे एकटीचे नव्हते.

वही घेऊन अण्णा मला आगारात घेऊन गेले. तिथले साहेब चांगले होते, पण कामाच्या घाईत होते. म्हणाले, "काका, गाडीत माणसंच नसतात हो. रिकामी गाडी पळवू का?"

अण्णा म्हणाले, "साहेब, तुमी बसल्याली माणसं मोजता. मी न बसल्याली मोजून आणल्यात. येकदा वाचा तरी."

साहेबांनी वही उघडली. पाचसहा पाने वाचली, मग माझ्याकडे बघून विचारले, "यातली तू कितवी?" मी म्हणाले, "चौथी." महिनाभर गाडी चालवून बघू, असे ते म्हणाले. पुढच्या सोमवारी साडेपाचची गाडी फाट्यावर आली तेव्हा गावाने नारळ फोडला. माझ्या वडिलांनी ड्रायव्हरला फेटा बांधला.

गोष्ट इथे संपली असती तर अण्णा आमच्या गावापुरते थोर ठरले असते. पण आठवडा झाला नसेल, बाळाबाई दुकानात आल्या. फाट्यापासून आत तीन किलोमीटरवर माळवस्ती आहे, मेंढरे पाळणाऱ्या घरांची. बाळाबाई तिथल्या. पायात धूळ, चेहरा उन्हाने काळवंडलेला. त्या उभ्यानेच बोलल्या.

"अण्णा, तुमची गाडी आली, लई चांगलं झालं. पर आमची गेली की. सकाळची गाडी वस्तीवर येत हुती, ती आता सरळच जातीया. माझी सून सात म्हैन्याची हाय. दवाखान्याला जायाला आज उन्हातनं चालत निगाली, वाटंत चक्कर येऊन पडली. तुमच्या वहीत आमची माणसं न्हवती व्हय?"

नव्हती. वस्तीची माणसे वस्तीवरच गाडीत चढत, फाट्यावर येत नसत. आम्ही फाट्यावर बसून मोजले आणि ती राहून गेली. आणि आगाराने नव्या फेरीसाठी वेळ काढायला नेमका सकाळच्या गाडीचा वस्तीचा वळसा तोडला होता. अण्णांनी कात्री खाली ठेवली. "सून कशी हाय आता?" एवढेच विचारले. ती सावरली आहे म्हटल्यावर त्यांनी डोळे मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर होते: "साडेपाचच्या गाडीपायी माळवस्तीची गाडी तुटली. वस्तीची माणसे मोजायची राहिली. चूक माझी. सिद्राम हंजगे."

गावात कुजबुज झाली. मोठी माणसे दुकानात येऊन सांगून गेली, की पुसून टाका, साहेबांच्या कानावर गेले तर आहे तीही गाडी जाईल. आज लिहायला लाज वाटते, पण मीही त्यांच्यातलीच होते. मी म्हणाले, "अण्णा, एक महिना तरी थांबा. आमची परीक्षा होऊ दे."

अण्णांनी माझ्याकडे पाहिले. रागावले नाहीत, पण त्यांचा आवाज मी इतका जड कधी ऐकला नव्हता. "अव्वा, तुजं नाव वहीत हुतं म्हनून तुजी गाडी आली. त्यांचं न्हवतं म्हनून त्यांची गेली. लिवनारं कोन हुतं? आपुनच की." मग वही माझ्यापुढे सरकवली. "चल. उरल्याली माणसं मोजू."

आम्ही वस्तीवर गेलो. घरोघर बसून लिहिले. तिथेच अण्णांच्या लक्षात आले, की जुना वळसा वेळखाऊ होता, कारण गाडी वस्तीवर जाऊन त्याच वाटेने परत फिरत असे. ती पुढे कालव्याच्या रस्त्याने बाहेर पडली तर बराच वेळ वाचेल आणि दोन्ही फेऱ्या दोन्हीकडे जाऊ शकतील. साहेब म्हणाले, कालव्यावरची मोरी, म्हणजे तिथला छोटा पूल, अरुंद आहे, गाडी जाणार नाही. तेव्हा अण्णा आमच्या मार्गावरच्या एका ड्रायव्हरना त्यांच्या सुट्टीच्या दिवशी मोटारसायकलवर बसवून मोरीवर घेऊन गेले, आणि गळ्यातली शिलाईची टेप काढून मोरी मोजली. ड्रायव्हर सांगतात, "माझ्या शर्टाचं माप घेतात तसं अण्णांनी मोरीचं घेतलं. दोनदा." गाडी जात होती, फक्त पुढचे वळण आखूड होते. वस्तीच्या आणि गावाच्या माणसांनी मिळून तिथे मुरूम टाकला. मुरुमाची पहिली पाटी टाकणाऱ्यांत माझे वडील होते.

एक अडचण उरली. या मार्गासाठी सकाळची गाडी पंधरा मिनिटे आधी निघायला हवी होती. अण्णा आम्हा अकरा जणींच्या घरी एकेक करून गेले आणि वडिलांना नव्हे, आम्हाला विचारले, "लवकर उठायला जमंल का?" आजवर आमच्याविषयीची गोष्ट आम्हाला कुणी विचारली नव्हती. अकराही जणी हो म्हणाल्या. महिना सरताना दोन्ही फेऱ्या कायम झाल्या. पुढे दिवस भरल्यावर बाळाबाईंची सून त्याच गाडीने दवाखान्यात गेली आणि त्याच गाडीने लेक घेऊन परत आली. त्या दिवशी फळ्यावर गाड्यांच्या वेळांच्याही वर ती बातमी होती.

मी आज सोलापूर शहराच्या जुळे सोलापूर भागात राहते, शाळेत शिकवते. अण्णांच्या सांगण्यावरून महिन्यातून एकदा गावाचे बातमीपत्रक काढते. मजकूर आधी त्यांना वाचून दाखवावा लागतो. शेवटी त्यांचा प्रश्न ठरलेला असतो, "कोन राहिलं?" दर वेळी कुणीतरी राहिलेले असतेच. गेल्या वर्षी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी अण्णा आठवडाभर माझ्याकडे होते. डोळ्यावर पट्टी, तरी सकाळी उठून विचारायचे, "आज मंद्रूपचा बाजार हाय, गाडीला गर्दी झाली आसंल न्हाई?" माझ्या मुलीने फोन लावून द्यायचा आणि अण्णांनी फाट्यावरची खबर घ्यायची.

त्यांची स्तुती मला नीट जमली नसेल. ती त्यांना चालतही नाही. सत्काराला ते तयारच नव्हते. शेवटी एका अटीवर कबूल झाले, या ग्रंथाच्या मागच्या पानावर गाड्यांचे वेळापत्रक छापायचे. "लोकं माजं पुस्तक ठेवतील का न्हाई म्हाईत न्हाई," ते म्हणाले, "वेळापत्रक ठेवतील." ती अट आम्ही पाळली आहे.

अण्णा, एक मुलगी शिकली ती तुमच्यामुळे, आणि आपल्या सोयीत दुसऱ्याची गैरसोय तर नाही ना, हे पाहायला शिकली तीही तुमच्यामुळे. तुमचे डोळे स्वच्छ राहोत, गुडघे कुरकुर न करोत, आणि शंभरी ओलांडेपर्यंत सुईत दोरा तुम्ही स्वतः ओवा. फाट्यावर उतरणाऱ्या प्रत्येकाला गावाची पहिली बातमी तुमच्याच अक्षरात वाचायला मिळो, आणि ती बहुतेक दिवशी चांगलीच असो.