धावड्याचा ठिपका

मी जीप चालवतो आणि मॅडम शेजारी बसून मांडीवरच्या लॅपटॉपवर धावड्याचा नकाशा करतात. पाऊस, ऊन, माती बघून हे रानझाड जिथं जगेल, तिथं हिरवा ठिपका. पुढच्या वर्षांतले कडक उन्हाळे हिशेबात धरले, की एकेक ठिपका पुसला जातो. "तिथं झाड असेलच असं नाही हं तात्या, जगू शकेल इतकंच," हे त्यांचं पालुपद.

परवा आमच्या भागात निरवांगीच्या माळावरचा एकच ठिपका उरला. मी म्हणालो, "तितं कुसळाबिगर काय न्हाय." तरी मॅडमनी जीप तिकडंच घ्यायला लावली आणि माळाखालच्या ओढ्यात त्या उतरल्या. वळणावर पांढऱ्या खोडाचा धावडा उभा होता, माझ्या कवेत न मावणारा.

एरवी पुस्तकी बोलणाऱ्या मॅडमनी खोडावर तळवा टेकवला.

"हाईस व्हय रं बाबा!"