ड्रायव्हरच्या बाजूचं दार

कॅनडातल्या विनिपेगच्या त्या जानेवारीत यामिनीताई गाडीत कशा बसतात, हे आमच्या सगळ्या रस्त्याला पाठ झालं होतं. ड्रायव्हरशेजारचं दार उघडायचं, पर्स आणि डबा आत टाकायचा, गुडघा सीटवर टेकवायचा, गिअरवरून एक पाय पलीकडे न्यायचा आणि जाड कोटासकट धपकन स्टिअरिंगमागे जाऊन पडायचं. मी खिडकीशी लॅपटॉप घेऊन बसलेली असायचे, त्यामुळे हा सोहळा मला रोज दिसायचा.

कारण साधं होतं. गाडी जुनी आणि ड्रायव्हरच्या दाराचं लॉक बिघडलेलं. रिमोट दाबला की बाकीची तिन्ही दारं खट्कन उघडायची, हे एक मात्र आतून एक बारीकशी घरघर करायचं आणि बंदच राहायचं. किल्ली घालून फिरवा, आतून हँडल ओढा, काही उपयोग नाही.

यामिनीताई गावंडे मूळच्या नागपूरच्या. तिथे एका शाळेत विज्ञान शिकवायच्या. इथे त्या एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन त्यांची देखभाल करतात; आंघोळ, औषधं, जेवण, थोडं चालवणं. वय पन्नाशीच्या पुढे, अंगानं भक्कम, आवाज मोठा. गाडी चालवायला त्या इथेच, बर्फातच शिकल्या, आणि परीक्षेत पहिल्यांदा नापास झाल्या तेव्हा परीक्षकाचे आभार मानून पुढची तारीख घेऊनच बाहेर आल्या, असं त्यांचे यजमान नंदूभाऊ कौतुकानं सांगतात.

गाडी बदला असं त्यांना सगळेच म्हणत होते. नंदूभाऊ म्हणत होते. लेक ऊर्मी तर रोज म्हणायची, "आई, धिस इज सो एम्बॅरसिंग!"

"इंजिन ठणठणीत आहे, हीटर असा की घाम फुटते," यामिनीताई म्हणायच्या. "एका लॉकसाठी गाडी काहून बदलू मी?"

असं हसण्यावारी चाललं होतं. मग ओलेनाबाईंचा प्रसंग घडला.

ओलेना ही त्यांच्याकडची सगळ्यात वयस्कर बाई. नव्वदीला टेकलेली, लहानपणी युक्रेनमधून आलेली, वॉकरशिवाय दोन पावलं टाकणं कठीण. यामिनीताईंची वाट बघत ती सकाळपासून खिडकीत बसायची. त्या दिवशी रात्रभर बर्फ पडून गेला होता आणि तिच्या ड्राइव्हवेच्या उजव्या कडेला कमरेएवढा ढीग झाला होता. यामिनीताईंनी गाडी आत घेतली, पलीकडच्या सीटवर सरकल्या आणि दार ढकललं. ते ढिगाला अडकलं. जेमतेम हात बाहेर निघेल एवढी फट. त्या आतून खांद्यानं दार रेटत होत्या, गाडी हलत होती, आणि ओलेनाबाई हे सगळं खिडकीतून बघत होती. आपली बाई गाडीत अडकली, एवढंच तिला कळलं. ती तशीच, घरातल्या सपाता आणि झग्यावर, वॉकर न घेता दार उघडून पायरीवर आली.

पायरीवर काचेसारखा बर्फ होता.

"गो बॅक, ओलेना! गो इनसाइड!" यामिनीताई आतून ओरडत होत्या. एवढ्याशा फटीतून तिला ऐकू जाईना. ती कठड्याला धरून पुढचा पाय चाचपडत होती. यामिनीताईंनी कशीबशी गाडी मागे घेतली, मोकळ्या रस्त्यावर आणली, पलीकडच्या दारातून उतरल्या आणि धावल्या. ओलेना पडली नव्हती. पण तिचे ओठ निळे पडले होते आणि ती विचारत होती, "तुला लागलं का गं?"

त्या दिवशी घरी परतताना यामिनीताई सरळ माझ्या दाराशी आल्या. कोटही काढला नाही.

"अबोली, तुझ्या गॅरेजमध्ये हीटर आहे ना? मला शनिवारी गॅरेज पाहिजे. लॉक बदलायचं आहे."

"कोण बदलणार?"

"मी," त्या म्हणाल्या, जणू मी काहीतरी विचित्र विचारलं होतं.

त्याआधी त्या ओळखीच्या पंजाबी मेकॅनिककडे जाऊन आल्या होत्या. तो भला माणूस होता. त्यानं गाडी पाहिली आणि खरं ते सांगितलं. लॉक बदलायचं तर त्याचे स्क्रू दाराच्या कडेला असतात, आणि कड दिसायला आधी दार उघडावं लागतं. दारच उघडत नाही. "दीदी, पॅनेल काटना पड़ेगा। दरवाज़ा खराब हो जाएगा," तो म्हणाला.

"आणि न कापता?"

"आतमध्ये हात घालून लॉक सोडता आलं तर. पण आत काही दिसत नाही, त्यात तास न् तास जातात. मी हे काम घेत नाही."

यामिनीताईंना एवढंच हवं होतं. अशक्य नाही, फक्त वेळ लागतो.

शुक्रवारी त्या मला घेऊन गावाबाहेरच्या भंगार गाड्यांच्या यार्डात गेल्या. तिथे हवा तो भाग आपला आपण काढून घ्यायचा असतो. बर्फात रांगेनं उभ्या गाड्यांतून फिरत त्यांनी आपल्याच गाडीची जुळी बहीण शोधून काढली. मागून ठोकलेली, पण ड्रायव्हरचं दार शाबूत आणि उघडं. मग त्या बर्फात गुडघे टेकून बसल्या. हातमोजे काढायचे, एक स्क्रू सोडवायचा, बोटं काखेत धरायची, पुन्हा हात घालायचा. एकेक वस्तू काढताना त्या मोठ्यानं बोलत होत्या, वर्गात फळ्यासमोर बोलावं तसं. "ही आतल्या हँडलची तार. हा काचेच्या बटणाचा प्लग. हे प्लास्टिक फाडायचं नाही, अलगद सोलायचं."

"तुम्हाला हे सगळं कसं जमतं?" मी कुडकुडत विचारलं.

"नागपूरला दर एप्रिलमध्ये कूलर कोण उघडायचं? बाबा फक्त शेजारी उभे राहून घाबरायचे. मोटर, पंप, वायरी, सगळं मी करायची. उघडून पाह्यलं की कळते, बाप्पा."

लॉक हातात आलं. मुठीएवढा काळा डबा, एका बाजूला दाराला पकडून ठेवणारा लोखंडी आकडा.

शनिवारी सकाळी गाडी माझ्या गॅरेजमध्ये आली. नंदूभाऊ चहाचा थर्मास ठेवून, "काही लागलं तर फोन करा," म्हणून लगबगीनं निघून गेले. यामिनीताईंनी ड्रायव्हरची सीट जाईल तितकी मागे ढकलली, आत शिरल्या आणि बंद दाराचं आतलं पॅनेल काढायला घेतलं. यार्डात जे सहज निघालं होतं ते इथे जागेअभावी निघेना. एक क्लिप तुटली. शेवटी पॅनेल सुटलं आणि आम्ही ते दुसऱ्या दारातून तिरकं करून बाहेर काढलं.

मग त्या थांबल्या, आणि यार्डातून आणलेलं लॉक मांडीवर घेतलं. स्क्रूड्रायव्हरनं आकडा दाबून बंद केला आणि ते उघडायला काय काय लागतं ते बघत बसल्या. एक छोटी पट्टी होती, कुलूप लावणारी. एक मोठी, बाहेरच्या हँडलला जोडलेली. छोटी खाली असेपर्यंत मोठी कितीही ओढा, आकडा सुटत नव्हता. छोटी वर ढकलली की सुटत होता. त्यांनी डोळे मिटून तेच पुन्हा पुन्हा करून पाहिलं, नुसत्या बोटांनी.

"हं," त्या म्हणाल्या. "आता तू बाहेर जा. मी हो म्हटलं की हँडल ओढ. जोरात."

त्यांनी कोपरापर्यंत हात दाराच्या पोटात घातला. पत्र्याच्या कडेनं मनगटावर ओरखडा उठला. "सापडली छोटी. जाम आहे." गंज सोडवायचा स्प्रे मारला, थांबलो, चहा प्यायलो. पुन्हा हात आत. "हो!" मी ओढलं. काही नाही. "परत." काही नाही. माझा धीर सुटत चालला होता. मी म्हणाले, ताई, मेकॅनिक म्हणत होता ते बरोबरच असेल.

"तो बरोबरच आहे. वेळ लागते म्हणाला, तर वेळ लागून राहिला आहे," आतून आवाज आला. "लांब स्क्रूड्रायव्हर दे. आता पट्टी धरूनच ठेवते मी. हो म्हणायच्या आधीपासूनच ओढत राहा."

मी दोन्ही हातांनी हँडल धरून मागे रेललेली होते. आत काहीतरी कट्‌ झालं, दार एकदम उघडलं आणि मी मागच्या रिकाम्या खोक्यांवर जाऊन आदळले. समोर उघड्या दारात यामिनीताई, एक हात अजून दारात अडकलेला, केस चेहऱ्यावर, आणि एवढं मोठं हसू.

"लागलं का गं?" त्यांनी विचारलं. ओलेनाचे तेच शब्द आपल्या तोंडून निघाले, हे मला वाटतं त्यांच्याही ध्यानात आलं असावं.

पुढचं सोपं होतं. कडेचे स्क्रू काढले, जुनं लॉक बाहेर, नवं आत. किल्लीचा भाग हँडलमध्ये असतो, त्यामुळे जुनीच किल्ली चालली. दार उघडंच ठेवून त्यांनी आधी आकडा हातानं बंद-चालू करून पाहिला, मग रिमोट दाबला. खट्‌. परत. खट्‌. मग पॅनेल बसवलं, आणि काच खाली होईना. प्लग लावायचा राहिला होता. आपल्याच कपाळावर हात मारून त्यांनी सगळं पॅनेल पुन्हा सोडवलं, कुरकूर न करता.

सोमवारी ओलेनाबाईंच्या घरासमोर त्या डाव्या, ड्रायव्हरच्या बाजूच्या दारातून ऐटीत उतरल्या. ओलेना खिडकीतच होती. यामिनीताई आत गेल्यावर ती म्हणाली, "आता कशी बाईसारखी उतरलीस. इतके दिवस चोरासारखी उतरायचीस." त्यावर दोघी खूप हसल्या. मग यामिनीताईंनी तिला एक गोष्ट कबूल करायला लावली: काहीही दिसलं तरी वॉकर घेतल्याशिवाय बाहेर यायचं नाही. म्हातारीनं खूप वाद घातला आणि शेवटी मानलं.

रथसप्तमीच्या आधीच्या शनिवारी आमच्या बेसमेंटमध्ये हळदीकुंकू होतं. तिळगुळाबरोबर लॉकची गोष्ट सगळ्यांना मिळाली. सांगणारी अर्थात मीच. सुमेधा नावाची नवी आलेली मुलगी जरा बाजूला घेऊन यामिनीताईंना म्हणाली, "ताई, माझ्या गाडीची डिकी उघडतच नाही. तुम्ही बघाल का?"

यामिनीताईंनी वाटीतला हलव्याचा एक दाणा तोंडात टाकला.

"पाहू ना. पुढच्या शनिवारी गाडी घेऊन ये," त्या म्हणाल्या. "पण आत हात तू घालायचा. मी बाजूला उभी राहून सांगते."