डाळीच्या डब्यातला चेंडू

आमच्या धरणगावच्या घरात चेंडू डाळीच्या डब्यात, वरच्या फळीवर असायचा. लपवावाच लागायचा. आमचं कुत्रं गावठी, पिवळं, अंगानं काडी. पण चेंडू दिसला की त्याला भूक, तहान, ऊन काही कळायचं नाही. फेकणारा दमेपर्यंत पळायचं. जनावरांचे डॉक्टर म्हणाले होते, याला थांबायची अक्कल येणार नाही, ती तुम्ही ठेवा. म्हणून चेंडू निघायचा तो ऊन वर यायच्या आत. खेळ झाला की मी दोन्ही रिकामे तळवे दाखवून 'संपलं' म्हणायची. मग स्वारी पाण्याच्या टाकीखाली जाऊन पडायची. एवढं शिकवताना माझ्या नाकी नऊ आले होते.

यंदा अधिक महिना ऐन उन्हाळ्यात आला आणि ताईचा नवरा धुळ्याहून पहिल्यांदाच धोंड्याच्या जेवणाला आला. धोंड्याचा जावई म्हणजे काय विचारू नका! त्याचे पाय धुवायचे, पुरणाचे धोंडे वाढायचे, तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं, आणि त्या दिवशी त्याला कशालाच नाही म्हणायचं नाही.

भर दुपारी, पानं वाढायच्या आधी, दाजी पडवीत खुर्चीवर बसून कंटाळले. "तुमचं कुत्रं चेंडू आणतं म्हणे? बघू तरी."

मी म्हटलं, "संध्याकाळी, दाजी. आत्ता अंगणात पाय ठेववत नाही."

ते हसले आणि नानांकडे, माझ्या वडिलांकडे, बघत राहिले. नानांनी स्वतः हात वर करून डबा काढला.

दाजी सावलीत बसून उन्हात चेंडू फेकत होते. कुत्रं आणून पायाशी ठेवी, ते पुन्हा फेकत. त्याची जीभ लोंबायला लागली, मागचे पाय फाकायला लागले. मी मध्ये जाऊन तळवे दाखवले, "संपलं!" ते बिचारं टाकीकडे वळलंसुद्धा. दाजींनी चेंडू फरशीवर आपटला. आवाज ऐकून ते परत फिरलं. दाजी खदाखदा हसले. "बघा, मालक कोण ते बरोबर कळतं त्याला."

मी आईला चुलीपासून ओढून आणलं. "माय, मरेल ना ते!"

आई दबक्या आवाजात म्हणाली, "गप बस वं! धोंडाना जवाई शे तो. त्याले नही म्हनानं नही."

ताई दारात उभी होती. कुत्रं उंबऱ्याजवळ कोसळलं तेव्हा ती खाली बसली आणि त्याच्या कानाशी म्हणाली, "पडून राहा रे. बोलावलं तरी उठू नको."

दाजींनी टिचकी वाजवली. ते उठलं, अंगणाच्या मध्यापर्यंत कसंबसं गेलं आणि तिथंच आडवं झालं.

मी जावयाचे पाय धुवायला भरून ठेवलेली परात उचलली आणि सगळं पाणी कुत्र्याच्या अंगावर ओतलं. अंग तव्यासारखं तापलं होतं. त्यानं डोळे उघडले नाहीत. मागून आई परातीसाठी ओरडत होती. नानांनी ती माझ्या हातून घेतली, पुन्हा भरली, आणि कुत्रं अंगणात मरून पडलेलं असताना दाजींचे पाय धुतले.

"गावठीच होतं ना?" दाजी म्हणाले. "दुसरं आणून देतो." मग तूप मागून मागून जेवले. मेल्याच्या घशात एक धोंडा अडकला असता तर मला काहीही वाटलं नसतं!

संध्याकाळी वाण बांधताना मी तो लाळेनं चिकट झालेला चेंडू अनारशांत खुपसला. घरी जाऊन चार लोकांसमोर उघडू दे म्हटलं. ताईनं पाहिलं. तिनं चेंडू काढला, पदरानं पुसला आणि माझ्या हातात ठेवला.

"नको गं," ती म्हणाली. "ते उघडतील तेव्हा समोर मी असेन."

बाहेर गाडी सुरू झाली होती. दाजींनी एकदाच हॉर्न दिला आणि ताई चप्पल नीट न घालताच पळाली.