कपाच्या तळाशी उरलेला चिकू

बरिस्त्याने काचेचा पेला उजेडासमोर धरला आणि विचारले, "सर, ये नीचे क्या बैठ गया?"

पेल्याच्या तळाशी तपकिरी गाळ साचला होता. तो आमचा चिकू होता.

बरिस्ता म्हणजे कॅफेत कॉफी सिद्ध करणारा कारागीर. बंगळुरूमध्ये सिरप घेऊन आम्ही गाठलेले ते दुसरे कॅफे. पहिल्यातही हेच घडले होते. माझ्याशेजारी हेमांगी उभी होती. घोलवडच्या आमच्या फळप्रक्रिया युनिटची विक्री ती पाहते. सुका चिकू भिजवून, वाटून, साखरेबरोबर आटवून तिने एक सिरप तयार केले होते. कॅफेवाल्यांनी ते कॉफीत घालावे, अशी योजना होती.

माझे काम त्याच्या अलीकडचे. बालपणी मी पाठशाळेत संस्कृत शिकलो, पुढे उपजीविकेसाठी अन्नप्रक्रियेचा डिप्लोमा केला. युनिटचा ड्रायिंग विभाग माझ्याकडे आहे. पिकलेला चिकू सोलायचा, फोडी करायच्या आणि जाळीच्या ट्रेवर पसरून सोलर ड्रायरमध्ये, म्हणजे उन्हाने तापणाऱ्या बंद पेटीत ठेवायच्या. फोड वाकली पाहिजे, पण बोटाला चिकटता कामा नये. हे काम तलासरीच्या पाड्यांवरच्या बायका करतात. भातकापणीनंतर घरी राहून करता येईल असे त्यांना दुसरे काम नाही. ते नसेल तर वीटभट्टी, आणि भट्टीवर जायचे म्हणजे मुलांची शाळाही सुटते.

सुक्या चिकूला उठाव नव्हता. निघताना मालक जयेशभाईंनी स्पष्ट सांगितले होते, "गुरुजी, या खेपेला कॅफेवालं गिऱ्हाईक आणलंत तर ठीक. नाहीतर ड्रायिंग बंद. चिकू सीधा ट्रकमध्ये भरायचा."

कॅफेंच्या फेरीआधी आम्ही बंगळुरूबाहेरच्या कॉफीच्या व्यापारमेळाव्यात स्टॉल मांडला होता. लोक चमच्यावर सिरप घेत, 'नाइस' म्हणत आणि पुढे जात. समोरच कपिंग चाले. कपिंग म्हणजे ओळीने मांडलेल्या कपांतली कॉफी चमच्याने जोरात ओढून घेऊन तिची पारख करणे. त्याच कपांत मागून येणारा प्रत्येकजण आपला चमचा बुडवी. मलाही आग्रह झाला. मी हात जोडून बाजूला झालो.

"उष्टं, ना काका?" हेमांगी हसली. मग तिचा चेहरा बदलला. "चला, शहरात जाऊ. इथं चमच्यावर गोड लागतंय, ते कपात कसं लागतं ते तरी कळेल."

ते आम्हाला दोन कॅफेत कळले.

तिसरे कॅफे एका शांत गल्लीत होते. मालकीणबाई पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर ढकललेला. काही वर्षे पुण्यात नोकरी केल्यामुळे मराठी बोलत. त्यांनी आमचे सिरप घालून स्वतः कॉफी केली आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली.

"चव चांगली आहे," त्या म्हणाल्या, "पण शेवटचा घोट म्हणजे चिखल. आणि गिऱ्हाईक शेवटचा घोटच लक्षात ठेवतं."

"गाळून दिलं तर?" हेमांगीने विचारले.

"मग चिकू कुठे राहिला? साखरेचं पाणी राहिलं."

त्यांचे म्हणणे खरे होते. चिकूचा गर मुळातच रवाळ. कितीही वाटला तरी कण राहतातच आणि गरम द्रवात ते तळाशी बसतात. हेमांगीने सिरपची बाटली पिशवीत ठेवली. तिने वर्षभर त्या बाटलीसाठी खटपट केली होती. तलासरीला जाऊन बायकांना काय सांगायचे, हा विचार माझ्या मनात आला आणि तिथेच थांबला.

मालकीणबाईंनी आमच्यासाठी कॉफी मागवली. "साखर किती?"

"मला नको. चातुर्मासात मी साखर वर्ज्य करतो."

"म्हणजे हे सिरप तुम्ही चाखलेलंच नाही?"

"काका चाखत नाहीत, नुसतं मोजतात," हेमांगी म्हणाली.

कॉफी चांगलीच कडू होती. मी पिशवीतून डबा काढला. क्षणभर डोळे मिटून ईश्वरस्मरण केले, सुक्या चिकूची एक फोड तोंडात ठेवली आणि त्यावर कॉफीचा घोट घेतला. घरी बिनसाखरेच्या चहाबरोबर माझी हीच रीत. डोळे उघडले तेव्हा बाई माझ्याकडे पाहत होत्या.

"हे काय?"

"चिकूच. आमच्याच ड्रायरमधला."

"यात साखर?"

"काहीही नाही. फळाची असेल तेवढीच."

"मग मला विचारणार आहात की नाही?"

मी डबा पुढे केला. त्यांनी फोड चावली, घोट घेतला, पुन्हा फोड घेतली. मग हेमांगीकडे वळल्या. "अगं, हे कपात कशाला घालतेस? बशीत ठेव!"

त्यांची एकच अट होती. उभ्या फोडी नकोत, एकसारख्या गोल चकत्या हव्यात. बशीच्या कडेला नीट बसतील अशा. नमुना पसंत पडला तर हंगामभर घेऊ, असे त्यांनी सांगितले.

रिक्षात हेमांगीने बाटलीची पिशवी पायाशी ठेवली. मग म्हणाली, "मी वर्षभर ढवळत बसले आणि बाजी मारली तुमच्या डब्यानं."

"डबा तुझ्या काकूंनी भरला."

"तेच म्हणते. पुढच्या वेळी स्टॉलवर त्यांनाच उभं करू."

जयेशभाईंना फोन केला. ते म्हणाले, "अरे, पण ते तर आपण पहिल्यापासून बनवतो! एमां नवुं शुं, नवीन काय त्यात?"

"बशी," हेमांगी म्हणाली.

दिवाळीनंतर नमुना करायला बसलो. चिकू आडवा कापला की सुरी बियांवर अडते. पाड्यावरच्या सुनंदाबाईंनी बिया काढून चकती माझ्यासमोर धरली. "मधी भोकं पडतात, गुरुजी. चालतील का तुमच्या कॉफीवाल्या बाईंना? आणि गोल कशाला पाहिजे? पोटात गेलं की सगळं सारखंच."

फोटो पाठवला. उत्तर आले: भोके तर हवीतच, चांदणीसारखी दिसतात. सुनंदाबाई म्हणाल्या, "शहरात भोकं पण विकतात?"

नमुना पसंत पडला. मागणी फार मोठी नाही. ड्रायिंग या हंगामापुरते चालू ठेवायला जयेशभाईंनी संमती दिली आहे, त्यापुढचे त्यांनी बोललेले नाही. पण यंदा पाड्यावरचे कोणी भट्टीवर गेले नाही. हेमांगी सिरपवर अजून काम करते आहे, आता मिल्कशेकसाठी. मी एवढेच शिकलो: कोणतीही वस्तू दुसऱ्या वस्तूत मिसळण्यापूर्वी ती एकदा तिच्या शेजारी ठेवून पाहावी. बहुतेकदा तेवढे पुरते, आणि मिक्सर धुवावा लागत नाही.