मावसाजींचे टेकू

या जगात जे जे उभं आहे ते आज ना उद्या पडणार आहे, आणि ते पडू नये ही जबाबदारी आपल्या एकट्याच्या डोक्यावर आहे, असं मनापासून मानणारा माणूस अख्ख्या नागपुरात एकच आहे आणि तो नेमका माझ्या मावशीचा नवरा निघाला. जरीपटक्यातल्या त्यांच्या घरी गेलात तर फाटकाखाली आधी एक लाकडी पाचर दिसेल. फ्रिजखाली पाचर, कपाटाखाली पाचर, पाहुण्यांच्या खुर्चीच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी. पण हे सगळं वरवरचं. मावसाजींचा खरा जीव गच्चीवरच्या साठ-सत्तर कुंड्यांत. त्यातही ठेंगण्या, आटोपशीर झाडांशी त्यांना काही कर्तव्य नाही. शेवंती नि पुदिना आपलं आपण पाहून घेतात म्हणे. त्यांना आवडतात ती खाली मूठभर माती आणि वर हा एवढा पसारा असलेली, वाऱ्याची झुळूक आली की लोटांगण घालणारी झाडं. मावशी म्हणते, "झाडं बी यायनं आपल्यासारखेच जमवले. वर सारा पसारा, खाली दोन काड्या." आणि त्यात तिळमात्र खोटं नाही. मावसाजींचे खांदे आणि पोट पाहिलं की हा माणूस पैलवान असावा असं वाटतं, आणि नजर खाली गेली की पाय दुसऱ्याच कुणाचे असावेत अशी शंका येते.

या वेडाचं मूळ त्यांच्या नोकरीत आहे. सावनेरकडच्या एका कोळसा खाणीत त्यांनी तीस वर्षं टेकू लावायचं काम केलं. कोळसा काढत पुढे गेलं की डोक्यावरचं छत उघडं पडतं. तिथे लाकडाचे जाड खांब उभे करायचे, वर पाचर ठोकायची, आणि मगच बाकीच्यांनी आत पाऊल टाकायचं. छत धड आहे की नाही हे पाहायला त्यांच्याकडे एक सागाची काठी होती. तिनं छत ठोकायचं आणि कान देऊन ऐकायचं. टणक वाजलं तर ठीक, भद्द वाजलं तर पळा. "लोखंड बोलत नाही वं पोरी. लाकूड मोडायच्या आधी कुरकुर करते, माणसाले पळाले टाइम देते," हे वाक्य मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकलंय की झोपेत विचारलं तरी म्हणून दाखवीन. निवृत्त झाल्यावर त्यांनी खाणीतून तीन वस्तू घरी आणल्या, एक शाल, एक भिंतीवरचं घड्याळ आणि ती काठी. शाल मावशीनं पांघरली, घड्याळ बंद पडलं, आणि काठी गेली गच्चीवरच्या पिंपळाच्या कुंडीत. हा पिंपळ मावशीचा. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी दीक्षाभूमीवरून येताना तिनं बोटाएवढं रोप आणलं होतं. आता त्याचं खोड मनगटाएवढं झालंय आणि माथ्यावर पानांचा भलामोठा डोलारा. तो डोलारा हलला की मावसाजींचा जीव खालीवर व्हायचा, म्हणून स्वतःची काठीच त्याला टेकू म्हणून देऊन टाकली.

कुणाच्याही घरी गेले की मावसाजी आधी कुंडीला भेटतात, मग माणसांना. भेटायची रीत ठरलेली. उजव्या हाताचं एक बोट झाडाच्या शेंड्याला लावायचं आणि हलकेच ढकलायचं. झाड गेलं आणि परत आलं तर पास. गेलं ते गेलंच तर त्या घराचं काही खरं नाही. माझ्या लग्नासाठी मुलाचं घर पाहायला आम्ही सगळे गेलो होतो, तेव्हाची गोष्ट. मोठी माणसं चहा-चिवडा घेत जपून जपून बोलत होती आणि मावसाजी बैठकीतल्या कोपऱ्यात, पाठ करून, त्यांच्या माडासारख्या उंच झाडाला बोट लावून उभे. माझी आई डोळे वटारून थकली. शेवटी त्यांनी सगळ्यांदेखत निकाल दिला, "झाड बुडातून हलकं हाये. माती नाही, निस्ता नारळाचा भुसा हाये यात. दोन विटा भेटतीन का?" आमच्याकडच्या बायकांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण ज्याला पाहायला गेलो होतो तो मुलगा उठला, मागच्या अंगणातून दोन विटा घेऊन आला, आणि मावसाजींच्या शेजारी गुडघ्यावर बसून त्या कुंडीत बसवायला लागला. परतताना ऑटोत मावसाजी म्हणाले, "पोरगा बुडातून भारी हाये. करून टाका." झालं! आज बारा वर्षं झाली. माझे नवरोबा अजून भारीच आहेत, आता सगळीकडूनच.

मावसाजींचं एक शास्त्र आहे आणि ते ऐकल्याशिवाय गच्चीवरून खाली येता येत नाही. "झाड नाही पडत वं, कुंडी पाडते त्याले," इथून सुरुवात. प्लास्टिकची कुंडी म्हणजे त्यांच्या लेखी घात. ती एकटी ठेवायची नाही. तिला मोठ्या मातीच्या कुंडीत बसवायचं आणि दोघींच्या मधल्या जागेत गिट्टी, म्हणजे बारीक खडी, भरायची, पण बुडाचं भोक मोकळं ठेवायचं. दर रविवारी सकाळी प्रत्येक कुंडी पाव चक्कर फिरवायची, नाहीतर झाड उजेडाकडे मान काढून बसतं आणि एक दिवस त्याच बाजूला कोसळतं. (रोज एकाच खुर्चीत बसणाऱ्या पाहुण्यांनाही ते जागा बदलायला लावतात. पाहुणे आता कमी येतात.) मातीच्या कुंडीवर बोटाच्या पेरानं टकटक करायचं. इथे मात्र खाणीच्या उलटं. खणखणीत वाजली तर माती सुकली, कुंडी हलकी झाली, पाणी घाला. भद्द वाजली तर निवांत राहा.

आणि सगळ्यात शेवटी टेकूचा कायदा. काठी खोडाला चिकटवून बांधायची नाही. मधे दोन बोटं जागा सोडायची. मऊ कापडाची पट्टी घ्यायची, आठाच्या आकड्यासारखी फिरवायची, सैल. "झाडाले हलू द्या लागते. घट्ट धरलं का त्याले वाटते आपल्याले पायच नाहीत. टेकू दोन बोटं दूर पाहिजे. पडाले लागलं तरच हाती लागला पाहिजे." एवढं बोलून ते दोन बोटं आपल्या नाकासमोर धरतात. आणि कायद्याचं शेवटचं कलम, खोड तयार झालं की टेकू काढून घ्यायचा, नाहीतर झाड आळशी होतं. या मऊ कापडासाठी त्यांनी एकदा मावशीची कपाटातली सुती साडी टराटरा फाडली. ती जुनी नव्हती, जुन्या साड्यांच्या खाली जपून ठेवलेली नवी होती. माय वं! त्या दिवशी मावशीचा आवाज चौकापर्यंत गेला होता. आजही गच्चीवर जांभळ्या काठाच्या पट्ट्या बांधलेली जास्वंद दिसली की ती तोंड फिरवून घेते.

या दोघांचं खरं युद्ध मात्र कूलरवरून. खिडकीबाहेरची लोखंडी कूलर स्टँडं हिवाळाभर रिकामी असतात, हे मावसाजींना बघवत नाही. दिवाळी झाली की त्यांच्यावर कुंड्या चढतात. होळी आली की मावशी कूलर पुसायला काढते आणि कुंड्या काही उतरत नाहीत. "आणखीन आठ दिवस थांब ना वं, आता कुठं क्रोटनचा पाय स्थिर झाला." "मी काय भाजून निघू का इथं? क्रोटनसंगच लगन करायचं होतं!" एका वर्षी तडजोड झाली. कूलर स्टँडवर आला आणि क्रोटन खोलीत, बरोबर कूलरच्या समोर. एप्रिलभर त्या झाडानं थंडगार वारा खाल्ला आणि मावशीला त्याच्या पानांआडून जो येईल तो. तिनं ते अजून माफ केलेलं नाही.

असा हा माणूस गेल्या मे महिन्यात पडला.

संध्याकाळी पाचच्या सुमाराला आभाळ पिवळं झालं, धुळीची आंधी उठली, आणि लोक घरात पळत असताना मावसाजी गच्चीवर पळाले. त्या आंधीत आमच्या भागात एक पत्र्याचं शेड पडलं, दोन पाट्या पडल्या, मांडवाचे बांबू पडले आणि मावसाजी पडले. कुंडी एकही पडली नाही. आम्ही वर पोचलो तेव्हा ते पिंपळाच्या कुंडीला पाठ लावून बसले होते, घोटा हा एवढा सुजलेला, आणि चेहऱ्यावर समाधान. "सगळ्या उभ्या हायेत," ते म्हणाले. घोट्याचं हाड मोडलं होतं. दीड महिना प्लास्टर झालं.

खरी गंमत संपली ती प्लास्टर निघाल्यावर. डॉक्टरांनी बजावलं, आता आधार घेऊन रोज चालायचं. महिनाभर असेच बसून राहिलात तर घोटा आखडेल आणि मग खुर्चीच कायमची. माझ्या नवऱ्यानं चकचकीत वॉकर आणला. मावसाजींनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "लोखंड बोलत नाही." ते ॲल्युमिनियम आहे म्हटलं, तर म्हणाले, "ते तं मुकं बी हाये अन् बहिरं बी." मग मी सीताबर्डीला जाऊन चांगली मुठीची, नक्षीची काठी घेऊन आले. दुसऱ्या दिवशी पाहते तर ती काठी व्हरांड्यातल्या लिंबाला टेकू म्हणून लावलेली, दोन बोटं सोडून, आठाची गाठ मारून. मी जाम चिडले. "मावसाजी, काहून असं करून राहिले तुम्ही? ही तुमच्यासाठी आणली होती!" तेव्हा ते खिडकीकडे पाहत हळूच म्हणाले, "जिंदगीभर मी लोकाइले टेकू देल्ला वं. आता मले कोणी देऊ नको." माझा राग तिथल्या तिथे विरला.

तीन आठवडे ते खुर्चीत बसून राहिले. सुरुवातीला गच्चीची बित्तंबातमी विचारायचे, कोण कलला, कोण वाजला. मग विचारणंही बंद झालं. रविवारी कुंड्या फिरवायच्या राहिल्या तर त्याबद्दल हूं की चूं नाही, तेव्हा मावशी घाबरली. स्वयंपाकघरात मला म्हणाली, "हा माणूस आता बसला तं बसलाच. मले भेव लागून राहिलं वं." चाळीस वर्षांत तिच्या तोंडून भीतीचा शब्द मी प्रथमच ऐकत होते.

त्याच्या पुढच्या रविवारी मी गेले तर मावशी गच्चीवरून खाली येत होती. हातात सागाची काठी. खाणीतली, पिंपळाची. मातीत राहून काळं पडलेलं टोक तिनं करवतीनं कापून टाकलं होतं आणि खाली कूलरच्या पायाचं रबर घट्ट बसवलं होतं. तिनं काठी मावसाजींच्या गुडघ्यांवर आडवी ठेवली.

मावसाजी दचकलेच. "पिंपळाची काहून काढली वं? पडन ना ते!"

"तुमीच म्हणता ना, खोड तयार झालं का टेकू काढून घ्यावा. झालं त्याचं खोड तयार."

"वारा सुटला तर?"

"सुटला तर सुटला. मी नाही पाहून राहिली त्याच्याकडे. तुमाले पाहायचं असन तर वर या."

त्यांनी काठीच्या रबरावरून अंगठा फिरवला. मग काठी उलटी करून वरच्या टोकानं फरशीवर ठोकली. मान कलती करून ऐकलं. पुन्हा ठोकली. त्यांच्या तोंडावर काय आलं ते मला नीट सांगता येणार नाही, पण मला रडू फुटायला लागलं एवढं खरं. "बोलते अजून," ते म्हणाले, आणि काठीवर भार देऊन उठले.

जिना सोळा पायऱ्यांचा. मावसाजी पुढे, त्यांच्या मागे मावशी, सगळ्यात खाली मी. एक पायरी, थांबा. एक पायरी, थांबा. मावशीनं त्यांना कुठेही धरलं नव्हतं. तिचा उजवा तळवा त्यांच्या पाठीमागे पसरलेला होता, सदऱ्याला न लागता, पाठीबरोबर एकेक पायरी वर चढत. नवव्या पायरीवर मावसाजी दम खायला थांबले आणि मागे न पाहताच म्हणाले, "लय जवळ आला वं तुझा हात."

"दोन बोटं सोडले हायेत," मावशी म्हणाली. "चला गपचूप."

वर पिंपळ उभा होता. टेकूविना जरासा बावरल्यासारखा, पण उभा. मावसाजींनी त्याच्या शेंड्याला बोट लावून हलकेच ढकललं. तो गेला, पानं सळसळली, आणि परत आला. "पास," ते म्हणाले, आणि लगेच कमरेवर हात ठेवून मावशीवर ओरडले, की जास्वंद कोणत्या शहाण्यानं उलटी फिरवली?

आता दिवाळी तोंडावर आहे. कूलर स्टँडं रिकामी व्हायची वाट पाहणं सुरू झालंय. घोटा कधीचाच बरा झाला. काठी हातात असते ती कुंड्या वाजवायला आणि मला शास्त्र सांगताना हवेत फिरवायला. सोळा पायऱ्या मावसाजी आता न थांबता चढतात. पण संध्याकाळी मी गेले की अजूनही दिसतं, ते पुढे आणि मावशी मागे, हातातलं काम टाकून आलेली, तळवा त्यांच्या पाठीपासून तेवढ्याच अंतरावर. खोड तयार झालं की टेकू काढून घ्यायचा, हा कायदा दोघांनाही तोंडपाठ आहे. दोघंही त्याचा विषय काढत नाहीत.