हिरवा दिवा आणि नऊ खुणा

शुक्रवार, २१ नोव्हेंबर १९९७. सकाळी अकरा. रबाळे, गॅस्केट-वॉशर बनवणाऱ्या एका कारखान्याचं ऑफिस.

हजर: कारखान्याचे मालक. त्यांचं स्टोअर वीस वर्षं सांभाळणारे एक काका. आमचे साहेब. आमच्याकडे सहा महिन्यांच्या बोलीवर लागलेली प्रोग्रामर मुलगी. आणि टेबलावर आमच्या कंपनीचा एकुलता एक लॅपटॉप.

गैरहजर: मी.

मी त्या वेळी महाप्याच्या आमच्या ऑफिसात फायलींना नवी लेबलं चिकटवत बसले होते. तरीही ही हजेरी माझ्याशिवाय पुरी होत नाही. त्या खोलीत जे झालं त्याची तयारी मी नऊ महिने करत होते.

आमची कंपनी लहान होती. कारखान्यांच्या गोदामात कुठला माल किती शिल्लक आहे ते दाखवणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवायचो. साहेब, चार प्रोग्रामर आणि बाकी सगळं बघणारी मी. बाकी सगळं म्हणजे चहापत्तीपासून फ्लॉपीपर्यंत. जानेवारीत साहेबांच्या भावाने परदेशातून हा लॅपटॉप आणला आणि साहेबांनी तो माझ्या हवाली केला. "मॅडम, हा तुमच्या कपाटात. तुमच्या हातून वस्तू हलत नाही."

हे खरं होतं. तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांची होते आणि माझ्या याद्यांची ऑफिसात थट्टा व्हायची. लॅपटॉपबरोबर आलेलं माहितीपुस्तक मी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं, नियम काढले आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवले. रजिस्टरमध्ये सही केल्याशिवाय न्यायचा नाही. जवळ चहा आणायचा नाही. परत आला की लगेच चार्जिंगला. असे आठ नियम. त्यातला सातवा बॅटरीचा: महिन्याच्या शेवटच्या शनिवारी चार्जर काढून बॅटरी पूर्ण उतरू द्यायची, लॅपटॉप आपोआप बंद पडेपर्यंत, आणि मग पुन्हा पूर्ण भरायची.

तेव्हाच्या बॅटऱ्यांना हे लागायचं. सारखी भरलेली ठेवली, थोडी वापरून पुन्हा भरली, की बॅटरीला तेवढ्याच कामाची सवय लागते. दिवा हिरवा दिसतो, पण आत ताकद राहत नाही. पुस्तकात चौकट करून छापलं होतं. मी ते समजून, स्वतःच्या अक्षरात उतरवून काढलं होतं.

फेब्रुवारीचा शेवटचा शनिवार. मी चार्जर काढला, लॅपटॉप चालू केला आणि शेजारी माझं काम घेऊन बसले. पडद्याच्या कोपऱ्यातलं बॅटरीचं चित्र हळूहळू रिकामं होत होतं. ते बघून मला बेचैन व्हायला लागलं. निम्मं झालं तेव्हा साहेब केबिनमधून ओरडले, "मॅडम, चार वाजता लॅपटॉप लागेल कदाचित!" मी लगेच चार्जर लावला. साहेबांना लॅपटॉप काही लागला नाही. रजिस्टरमध्ये फेब्रुवारीच्या रकान्यापुढे मी बरोबरची खूण केली. सोमवारी करून टाकू, असं मनात म्हटलं.

मार्चमध्ये मी चार्जर काढला आणि दहा मिनिटांनी लावला. एप्रिलपासून कपाट उघडलंच नाही. फक्त रजिस्टर उघडायचं आणि खूण करायची.

आळस म्हणावा तर मी आळशी नव्हते. आमच्या घरी डबा निम्मा झाला की भरायचा, ही आईची शिस्त. तांदूळ संपले म्हणायचं नाही, तांदूळ वाढले म्हणायचं. मी ऐरोलीच्या फ्लॅटमध्ये संसार मांडला तेव्हाही पाण्याचं पिंप, साखर, काडेपेट्या, कशाचाच तळ मी कधी दिसू दिला नाही. वस्तू भरलेली ठेवणं म्हणजे जपणं, हे माझ्या अंगात मुरलं होतं. एखादी वस्तू नीट राहावी म्हणून ती मुद्दाम रिकामी करायची, हे मला कळलं होतं, पण माझा हात त्याला तयार होत नव्हता. एवढंच असतं तर चूक म्हणून सोडून देता आलं असतं. पण मी खुणा केल्या. फेब्रुवारी ते ऑक्टोबर, नऊ.

ती मुलगी जूनमध्ये आली. रबाळ्याजवळच्याच जुन्या गावातली, खाडीकाठची. वडिलांची शेती होती, ती नवं शहर वसवताना सरकारने घेतली. घरात कॉम्प्युटर शिकलेली ती पहिलीच. मराठी ऑफिसातल्यासारखं नीट बोलायची, पण घाई झाली की गावची बोली बाहेर यायची. बाकीचे मला मॅडम म्हणत, ती ताई म्हणे. माझ्या याद्यांना न हसणारी ती एकटीच होती. उलट तिने माझं बघून छोटी वही केली होती.

रबाळ्याचं प्रात्यक्षिक साहेबांनी तिला दिलं. "हे जमवलंस तर डिसेंबरपासून पक्की," असं सगळ्यांसमोर सांगितलं. आमच्या पट्ट्यात कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी असायची. मशीन बंद म्हणून मालकांना वेळ, म्हणून मीटिंग शुक्रवारची. पण दुरुस्तीसाठी वीजही त्याच वारी बंद असायची. कोणीतरी तो विषय काढला तेव्हा साहेब म्हणाले, "लॅपटॉप कशाला घेतलाय मग? बॅटरी आहे ना. काय टेन्शन आहे?"

मंगळवारी सही करून तिने सरावासाठी लॅपटॉप घरी नेला. गुरुवारी सकाळी परत आणला आणि थेट माझ्या टेबलापाशी आली.

"ताई, एक बोलू? चार्जर काढला की हा लगेच बंद पडतो हो. धा मिनटं पन नाय चालला."

"तुमच्याकडे लाइट कमी-जास्त होत असेल. नीट भरलाच नसेल."

"दोन्ही दिवस हिरवा दिवा बघूनच काढला, ताई." मग जरा थांबून, "ते महिन्याला पूर्ण उतरवायचं लिहिलंय ना दारावर, ते होतं ना?"

"रजिस्टरमध्ये बघ," मी म्हटलं. "प्रत्येक महिन्याची खूण आहे."

तिने रजिस्टर उघडलं नाही. "तुम्ही केलंय म्हनजे झालंच असेल," म्हणाली.

तेव्हा माझ्या हातात अख्खा दिवस होता. साहेबांना सांगून मीटिंग शनिवारवर नेता आली असती. कारखान्याला फोन करून जनरेटर आहे का एवढं विचारता आलं असतं. मी लॅपटॉप कपाटात ठेवला, चार्जर लावला आणि संध्याकाळी हिरवा दिवा बघून घरी गेले. शुक्रवारी सकाळी तिच्या हातात देताना रजिस्टरच्या शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं: पूर्ण चार्ज. तिने खाली सही केली.

पुढचं मी साहेबांकडून ऐकलं, आणि नंतर थोडं तिच्याकडून. तिने सुरुवात छान केली. वॉशरचे प्रकार, कुठल्या मांडणीवर किती, कोणता माल मागवायची वेळ झाली, सगळं पडद्यावर भराभर दाखवलं. स्टोअरचे काका खुर्ची पुढे ओढून बसले होते. अकराव्या मिनिटाला पडदा काळा झाला.

मालक साताऱ्याकडचे, गंमत करणारे. "म्हणजे आमचा सगळा माल संपला म्हणायचा का?" असं म्हणाले. खोलीत हशा झाला. तिने बॅगेतून चार्जर काढला, प्लग शोधला, आणि वीज नाही हे लक्षात येऊन तो तसाच हातात धरून उभी राहिली. काकांनी आपलं लाल बांधणीचं रजिस्टर टेबलावर ठेवलं. "पोरी, वाईट वाटून घेऊ नको. पण हे बघ, लाइट गेली तरी चालतंय."

साहेबांना ते हसू सहन झालं नाही. काम गेलं.

शनिवारी त्यांनी आम्हा दोघींना केबिनमध्ये बोलावलं. "मॅडम, रजिस्टर."

मी दिलं. त्यांनी पानं उलटली. "मंगळवार ते गुरुवार लॅपटॉप कोणाकडे होता? हिच्याकडे." मग बॅटरीच्या पानावर बोट ठेवलं. "हे बघ. फेब्रुवारीपासून एक महिना चुकलेला नाही. मॅडम एवढं जपतात आणि तू दोन दिवसांत वाट लावलीस. पत्ते खेळत बसली असशील त्याच्यावर."

"नाय साहेब. प्रॅक्टिसच केली फक्त."

"मग बॅटरी काय आपोआप गेली?"

ती माझ्याकडे बघायला लागली. रागाने नाही. एखाद्या खिडकीवर आपला नंबर यायची वाट बघतात, तशी. मी ताईंना गुरुवारीच सांगितलं होतं, एवढं एक वाक्य तिला बोलता आलं असतं. ते तिने माझ्यासाठी ठेवलं होतं. मी बोलावं म्हणून.

"चार्जरची पिन कधीकधी सैल बसते," मी म्हटलं.

मी एवढंच बोलले. साहेबांनी ऐकलंही नाही.

तिची सहा महिन्यांची मुदत नोव्हेंबरअखेर संपली आणि ती पक्की झाली नाही. शेवटच्या दिवशी तिने सगळ्यांना पेढे दिले. नोकरी गेल्यावर पेढे देणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. मला म्हणाली, "तुमच्याकडून कामाची शिस्त शिकले, ताई." मग वहीतून फाडलेला एक कागद पुढे केला. "तुमच्यासारखी यादी केलीय. माझ्यामागं कोणाला अडचण नको."

नऊ कामं होती. कुठल्या फ्लॉपीत काय आहे, कुठल्या कारखान्याचं काम कुठे अर्धं राहिलंय, प्रिंटरची कोणती खोड कशी सांभाळायची. नववं काम असं: बॅटरी एकदा पूर्ण उतरवून बघावी. जमल्यास तीनदा.

हा कागद तिने साहेबांना दिला नव्हता, मला दिला होता. ती गेल्यावर मी पुन्हा वाचला तेव्हा ते ध्यानात आलं.

डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी मी चार्जर काढला आणि लॅपटॉप बंद पडेपर्यंत जागची हलले नाही. तेरा मिनिटं. पूर्ण भरला. दुसऱ्या शनिवारी अडतीस मिनिटं. तिसऱ्या शनिवारी एक तास वीस. मी घड्याळ लावून मोजत होते. बॅटरी मेलेली नव्हतीच. माझ्या नऊ शनिवारांपैकी दोन-तीन जरी खरे असते तरी त्या दिवशी काकांना सगळा माल दिसला असता.

आता तरी जाऊन सांगायला हवं होतं. केबिनपर्यंत गेलेही. साहेबच आधी म्हणाले, "ऐकलं मी! नवी बॅटरी मागवणार होतो, तुम्ही जुनीच जिवंत केलीत. उगाच नाही तुमच्याकडे कपाट दिलं." आणि बाहेर हाक मारून बाकीच्यांना म्हणाले, "शिका जरा मॅडमकडून!"

मी थँक्यू सर म्हणून परत आले. तिच्या कामाची शाबासकीही मीच घेतली.

बॅटरीच्या पानावर त्यानंतर मी खोटी खूण केली नाही. जानेवारीपासून दर शेवटच्या शनिवारी लॅपटॉप खरोखर रिकामा व्हायचा, आणि तो व्हायचा तोवर मी समोर बसायचे. मी कंपनी सोडली तेव्हा रजिस्टर संपलं होतं, नवं सुरू झालं होतं. जुनं रद्दीत जायच्या आधी मी त्यातलं ते एक पान कापून घेतलं. नऊ खोट्या खुणा, सगळ्या सारख्या वळणाच्या, निळ्या शाईत.

नव्व्याण्णवच्या डिसेंबरात ऐरोलीच्या बाजारात मासे घेताना कोळंबी निवडणारी बाई माझ्याकडे बघून थांबली. "तुमी महाप्याच्या हापिसात व्हत्या ना? आमची पोर व्हती तुमच्याकं. मी तिची आत्या." मी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. मुलगी कशी आहे विचारलं. गावातच, देवळामागच्या घरात, कॉम्प्युटरचा क्लास घेते. आठ पोरं येतात. "तुमचा लय नाव कारते. ताईंनी शिकवला म्हनते. सांगू का तिला, भेटल्या म्हनून?"

"सांगा," मी म्हटलं. "मी येते म्हणावं. येत्या रविवारी."

आत्याने वाट्यावर चार कोळंब्या जास्त घातल्या. मी नको म्हटलं तरी घातल्या.

माझ्या घरापासून ते गाव रिक्षाने दहा मिनिटांवर आहे. त्या रविवारी पाहुणे आले. पुढच्या रविवारी मी आवरून निघाले, पर्समध्ये रजिस्टरचं पान घेतलं, रिक्षाही थांबवली, आणि रिक्षावाल्याला सेक्टरच्या भाजी मंडईचा पत्ता सांगितला. त्यानंतर मासे मी दुसऱ्या रांगेतून घेते.

दर वर्षी नवी डायरी आली की जुनीतली राहिलेली कामं मी पहिल्या पानावर उतरवते. विम्याची कागदपत्रं, गच्चीची गळती, दाताच्या डॉक्टरकडे जाणं. यातली बहुतेक मार्चच्या आत होतात. एक काम मात्र इतक्या वर्षांत त्याच शब्दांत उतरत आलं आहे. रजिस्टरचं ते पान आणि तिची नऊ कामांची यादी डायरीच्या मागच्या कप्प्यात असते. यंदाच्या यादीत ते सहावं आहे: रविवारी सकाळी गावात जाणे, देवळामागचं घर, पान तिच्या हातात देणे, काय केलं ते सांगणे.

त्याच्यापुढचा खुणेचा रकाना रिकामा आहे.